शब्दापर्यंत

अक्षर

"आवं पर बाई, कोकरं कोन बघंल?"

"एका दिवसाचा प्रश्न आहे, आजी. संध्याकाळी आणून सोडते."

"परीक्षा म्हंता. आन् ती तर दिवाळीपास्नं साळंत न्हाई."

"म्हणूनच."

म्हातारीनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. ऊस तुटून गेलेल्या रानात गोरडांच्या मेंढरांचा तळ पडला होता. नुकतं उजाडत होतं. जाळीच्या आत मेंढरं अजून एकमेकांना टेकून उभी होती, आणि दोन्ही काखेत एकेक कोकरू धरून मायाक्का माझ्याकडे बघत होती. सहा वर्षांची पोर. पायात काही नाही, केसांत काटक्या.

"ताई न्हाई आली?" तिनं विचारलं.

"ताईंना काम आहे. मी आले."

ती विचारत होती ती ताई तिची वर्गशिक्षिका. मी तिची कुणी नव्हते. चौदा किलोमीटर स्कूटी मारून मी तिला न्यायला आले होते, आणि येताना शाळेत कुणालाही सांगितलं नव्हतं.

"जा गं," म्हातारी म्हणाली. "बाई एवढ्या लांबनं आल्यात. लई माया त्यांची."

मी खाली वाकून साडीला चिकटलेली कुसळं काढत राहिले.

त्या वर्षी शासनानं ठरवलं होतं की पहिली-दुसरीतलं एकही मूल वाचनात मागे राहता कामा नये. मार्चमध्ये साहेब पुठ्ठ्याचं एक कार्ड घेऊन येणार. कार्डावर पाच पायऱ्या: अक्षर, शब्द, वाक्य, उतारा, गोष्ट. मूल जिथे अडेल तिथे त्याचं नाव लिहायचं. पहिलीतल्या मुलानं निदान वाक्य वाचावं, दुसरीतल्यानं उतारा.

मी हे त्याच पायऱ्यांनी लिहिते आहे. दुसऱ्या कुठल्या पद्धतीनं मला आता सांगता येत नाही.

शब्द

*पाटी.* खिलारमाळच्या जिल्हा परिषद शाळेत सोळा वर्षं पहिलीचा वर्ग माझा होता. मुलाच्या मागे बसायचं, त्याची मूठ आपल्या मुठीत घ्यायची आणि पाटीवर अ गिरवायचा. दिवसाला एक अक्षर, शंभर वेळा. माझ्या हाताखालून गेलेल्या पोराचं पत्र आलं तर पोस्टमन पाकीट बघूनच ओळखायचा, हे इंगवले बाईंचं अक्षर. शाळेच्या फाटकावरची पाटीसुद्धा मीच रंगवलेली. वाचायला कधी यायचं म्हणता? यायचं की. तिसरीपर्यंत यायचं. काहींना चौथीत. काहींना यायचंच नाही, पण ती पुढे मेंढरांमागे जायची, त्यांना कुठे लागत होतं.

*ताई.* जूनमध्ये सुनयना बोर्डे आली. जालन्याकडची, चोवीस वर्षांची, पाठीवर कॉलेजच्या पोरांसारखी सॅक. आमचे मुख्याध्यापक दडस गुरुजी. त्यांनी नव्या पद्धतीच्या प्रशिक्षणाला तिला पाठवलं. ती दहा दिवसांनी परत आली आणि तिच्या मागोमाग पत्र आलं: पहिलीचा वर्ग प्रशिक्षित शिक्षकालाच द्यावा.

"एका वर्षापुरतं दुसरी घ्या, बाई," गुरुजी म्हणाले. "तेवढाच तुमच्या गुडघ्यांना आराम."

"माझे गुडघे कधी रजेवर गेलेत, गुरुजी?"

"तसं न्हवं हो. पत्र हाय वरनं."

मुलं मला कायम बाई म्हणत आली. तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं, मला ताई म्हणा. आठवड्याच्या आत माझ्या दुसरीतल्या एका पोरानं मला हाक मारली, "ओ ताई," आणि जीभ चावली. "न्हाई न्हाई, बाई!" वर्ग हसला. मीही हसले. त्या दिवशी घरी दोन भाकरी करपल्या.

*म.* तिनं अ शिकवलाच नाही. म, क, न, ल घेतले आणि चौघांना लगेच काना जोडून दिला. तिसऱ्या आठवड्यात तिची पोरं मका, नाक, लाल, कमान वाचत होती. पोरं म्हणजे कोण? ज्यांच्या घरात छापील कागद फक्त पुड्या बांधून येतो ती.

"अ नाही, आ नाही," मी मधल्या सुट्टीत म्हणाले. "दार सोडून भिंतीवरून उडी कशाला मारायची?"

"बाई, पोरं मका ओळखतेत. अननस कुणी पाह्यलाय इथं?"

हसत म्हणाली. टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं, मला उत्तर देता आलं असतं.

शेवटच्या अर्ध्या तासाला ती पुस्तक उघडून गोष्ट वाचून दाखवायची. भिंत एकच. माझी पोरं माझ्यासमोर बसून तिकडची गोष्ट ऐकायची. वाघ पडला की ती हसायची, आणि मी फळ्यावर बेरीज लिहीत असायची. त्या पावसाळ्यात मला फार तहान लागायची. पाण्याची टाकी तिच्या खिडकीपलीकडे होती.

*कार्ड.* दिवाळीच्या तोंडावर ती कोऱ्या पुठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन माझ्यापुढे उभी राहिली.

"बाई, माझं अक्षर लई गिचमिड आहे. ही कार्डं तुम्ही लिहून देता का?"

"तुझ्या वर्गाची कार्डं मी कशाला लिहू?"

"तुमचं अक्षर बघून पोरांना वाचावं वाटंल म्हणून."

दडस गुरुजी समोर होते, नाही म्हणता आलं नाही. दिवाळीच्या सुट्टीत मी दोनशे चाळीस कार्डं लिहिली. आधी शब्द, मग वाक्यं. चकलीचं ताट एका हाताला, शाई दुसऱ्या हाताला.

"कुणाचं काम करत बसलीस?" आमचे हे म्हणाले.

"शासनाचं."

एखादं कार्ड मुद्दाम बिघडवावं असं मनात आलं. हात ऐकेना. सोळा वर्षांची सवय, हातानं एकही वेलांटी वाकडी काढली नाही.

*बाजार.* गुरुवारच्या बाजारात सुनयना मला गोरडांच्या म्हातारीजवळ उभी दिसली. तिनं एक प्लास्टिकची पिशवी म्हातारीच्या हातात ठेवली, म्हातारीनं दुसरी तिच्या हातात दिली. खाऊ असेल, मी म्हटलं. माणसं जिंकायची हीसुद्धा तिची एक तऱ्हा. पुढच्या गुरुवारी पुन्हा दिसली. तिसऱ्या गुरुवारी मी भाजी घ्यायला गेलेच नाही.

*शंभर.* तपासणीच्या आदल्या दिवशी कच्च्या मुलांना हळूच सांगायचं, उद्या येऊ नको. आमच्याकडे सगळेच असं करतात, आणि साहेबांना ते ठाऊक असतं. गैरहजर मूल मोजणीबाहेर. माझ्या वर्गातल्या तिघांना मी तसं सांगितलं. सुनयनानं कुणालाच सांगितलं नाही. तिला गरज नव्हती. तिची तेवीसच्या तेवीस पोरं वाचत होती. चोविसावी मायाक्का, ती मेंढरांबरोबर कालव्याकडे गेलेली, आपोआप मोजणीबाहेर. पहिलीचा वर्ग शंभर टक्के. मग पुढच्या जूनमध्ये तो वर्ग कुणाकडे राहणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. त्या वर्गाशिवाय मी त्या शाळेत कोण होते, ते मला सांगता येत नव्हतं.

मी चार वाजता उठले आणि स्कूटी काढली.

वाक्य

ही पायरी आत्ता सोडते. तळावरून शाळेपर्यंतची वाट इथे यायला हवी होती. ती शेवटी.

उतारा

"मायाक्का!"

सुनयना व्हरांड्यातून पळत आली. तिनं पोरीला उचलून गोल फिरवलं, केसांतल्या काटक्या काढल्या, मग माझ्याकडे बघितलं. माझ्या साडीचा खालचा भाग चिखलानं भरला होता, हात टायरच्या काळ्यानं.

"बाई, तुम्ही? तुम्ही आणलं हिला?"

"म्हटलं, एकही मूल मागे राहता कामा नये."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिचा चेहरा पडेल असं मला वाटलं होतं. तो बघायलाच मी चार वाजता उठले होते.

पडला तो दडस गुरुजींचा. त्यांनी मला कपाटाआड घेतलं.

"काय केलंत हे? ती गैरहजर हाय तेच बरं होतं की. शंभर टक्के साळा झाली असती."

"पटावर आहे ना ती?"

"तुमच्या वर्गातली तिघं पण पटावर हायत."

"त्यांना ताप आहे."

"तिघांना?"

"साथ आहे, गुरुजी."

गुरुजींनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली.

केंद्रप्रमुख पोळ साहेब अकराला आले. पोट सुटलेला, बोलायला गोड माणूस. माझी दुसरी आधी झाली. एकोणीस हजर, एकोणीस उतारा वाचणारे. "वा, इंगवले बाई." मग ते पहिलीत गेले. मी वर्ग पाढ्यांना लावला आणि व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. त्यांच्या दाराशी, चौकटीला हात लावून.

तेवीस मुलं एकेक करून उठली. वाक्य, वाक्य, उतारा, वाक्य. दोघींनी तर गोष्ट वाचली. साहेब चष्म्यावरून सुनयनाकडे बघत होते. माझी बोटं चौकटीवर घट्ट होत गेली.

"झाले ना सगळे?"

"एक राहिली, सर. मायाक्का गोरड."

ती उठली. फ्रॉक पुढून ओला होता. साहेबांनी कार्ड तिच्या हातात दिलं.

"क. स. ब. ट," मायाक्का म्हणाली.

"शाब्बास. खालचं?"

"नळ. खडू. पाखरू. भाकरी."

सुनयनानं तोंडावर हात ठेवला.

"आता हे. वाक्य आहे बघ."

मायाक्कानं कार्ड धरलं. तिचे डोळे कार्डावर खाली सरकत होते, हळूहळू, अगदी तळापर्यंत. साहेबांना वाटलं ती शोधते आहे. त्यांनी बोट ठेवून दाखवलं. "तिकडे नाही बाळ, इथे. हे वाच."

तिनं मान वर केली. दाराकडे, माझ्याकडे बघितलं.

मी घड्याळात बघितलं.

"न्हाई येत," मायाक्का म्हणाली.

"अगं, प्रयत्न तर कर."

"शब्दापत्तूर येतं. म्होरलं न्हाई येत."

ती खाली बसली. साहेबांनी पेनचं टोपण काढलं, पुन्हा लावलं.

"काय लिहू, मॅडम? वर पाठवायच्या तक्त्यात दोनच रकाने. वाचते, वाचत नाही. एका पोरीपायी शंभराचे पंचाण्णव होतात. गैरहजर टाकू का?"

"नको, सर."

"अहो, शाळेचं नाव होतंय."

"ती आलीय ना, सर. चौदा किलोमीटरवरून आलीय. ती आली नाही असं कसं लिहायचं?"

साहेबांनी लिहिलं. सुनयना पोरीजवळ जमिनीवर बसली, तिचे दोन्ही गाल धरले आणि म्हणाली, "शब्दापर्यंत आलीस की गं! जूनमध्ये तुला काय येत होतं? काही नाही!" मग तिथूनच माझ्याकडे बघून, "बाई, तुमच्यामुळं कळलं. नाहीतर मला वाटायलं होतं, सगळं वाऱ्यावर चाललंय."

सगळं म्हणजे काय, हे तिनं सांगितलं नाही. मी विचारलं नाही. मला माहीत होतं.

संध्याकाळी तिनंच मायाक्काला तळावर सोडलं. पंक्चर काढलेल्या माझ्या स्कूटीवरून.

गोष्ट

त्यानंतर सगळं मला हवं होतं तसं झालं.

पोळ साहेबांच्या शेऱ्यात होतं: पहिलीस अनुभवी शिक्षक द्यावा. जूनमध्ये वर्ग मला परत मिळाला. सुनयना तिसरीवर गेली, आणि पुढच्या वर्षी बदलीनं जालन्याला. जाताना तिनं कार्डांचा गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला. "तुमचीच आहेत, बाई. अक्षर तुमचं आहे."

त्याआधी वर्तमानपत्रात चार ओळी छापून आल्या होत्या. चौदा किलोमीटरवरच्या तळावरून विद्यार्थिनीला आणणारी शिक्षिका. फोटोत मी स्कूटीला टेकून उभी. बातमी वार्ताहराला कुणी दिली, हे मी शोधून काढलं. सुनयनानं दिली होती. बातमीत एक वाक्य माझ्या तोंडी होतं: "वाटेत मी मुलीला धीर दिला." तालुक्याला सत्कार झाला, शाल मिळाली.

जूनच्या पहिल्या दिवशी मी फळ्यावर म लिहिला. अ नाही. मग क, न, ल. कुणी काही विचारलं नाही. विचारणार काय? कार्डांवर अक्षर माझंच होतं. डिसेंबरपर्यंत माझी पोरं वाचायला लागली. शेवटच्या अर्ध्या तासाला मी पुस्तक उघडून गोष्ट वाचायला लागले, आणि शेजारच्या वर्गातली पोरं तिकडे बसून ती ऐकायला लागली. दोन वर्षांनी मला प्रशिक्षक नेमलं. चाळीस-चाळीस शिक्षकांपुढे उभी राहून मी विचारायची, "अननस कुणी पाहिलाय इथे?" हॉल हसायचा. हे माझं नाही, असं मी एकदाही म्हटलं नाही. सवय झाली की उसनं आणलेलं भांडंही आपल्याच फडताळात शोभतं.

आणि मायाक्का? मृग निघाल्यावर मेंढरं परतली, ती शाळेत आली. वाचनात कच्ची म्हणून दुसरीतून उठवून तिला रोज तासभर माझ्याकडे बसवायचं ठरलं. दोन आठवड्यांत ती गोष्ट वाचायला लागली. "बाईंच्या हाताला गुण आहे," दडस गुरुजी म्हणाले. मीही तेच धरून चालले. दोन आठवड्यांत कुणी शब्दावरून गोष्टीवर जात नाही, हे मला दुसऱ्या कुणाच्या बाबतीत लगेच कळलं असतं.

गेल्या डिसेंबरात, म्हणजे चौदा वर्षांनी, तालुक्याच्या शाळेत, जिथे आता मी आहे, अध्यापक विद्यालयाच्या मुली सरावासाठी आल्या. सहाजणी. शेवटची उंच, सावळी, केस चापूनचोपून बसवलेले.

"मायाक्का गोरड," ती म्हणाली आणि भर स्टाफरूममध्ये माझ्या पाया पडली. "वळखलं का, बाई?"

सगळ्यांनी वळून बघितलं. मग सांगणं आलंच. मी तळाची गोष्ट सांगितली. तोवर ती मी शंभरदा सांगितलेली होती, कुठे थांबायचं ते मला ठाऊक होतं. मायाक्का मधे मधे भर घालत होती.

"स्कूटी पंक्चर झालीवती, ते सांगा की."

"हो, पंक्चर झाली होती."

"मग वाचलंस का तू?" एका तरुण शिक्षकानं विचारलं.

"कशाचं! नापास झाले. बाईंची सगळी मेहनत पाण्यात."

हशा झाला. चहा आला. घंटा झाली तसे एकेकजण उठून गेले. ती कप गोळा करायला थांबली.

"मायाक्का."

"काय, बाई?"

"त्या दिवशी तुला खरंच येत नव्हतं?"

ती हसली. हातातले कप तिनं एकात एक घातले.

"येत हुतं की. सगळं येत हुतं. वाक्य काय, उतारा काय. खाली गोष्ट व्हती, उंदरानं मांजरीच्या गळ्यातली घंटा चोरली आन् मग त्यालाच झोप येईना, तशी. साहेब म्हनत व्हते वाक्य वाच, वाक्य वाच, आन् मी मनातल्या मनात गोष्ट वाचत व्हते. शेवट काय व्हतोय ते बघायचं व्हतं ना. कार्ड काढून घेतील असं वाटलं."

"मग बोलली का नाहीस?"

"आवं, तुमीच तर..."

तिनं माझ्याकडे बघितलं. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे. तिचं हसू जागच्या जागी थांबलं, मग सावकाश परत आलं. थोडं वेगळं होऊन.

"लहान हुते, बाई. घाबरले असंन," ती म्हणाली. "तुमी किती धीर दिलावता वाटंत."

ती कप घेऊन दारापर्यंत गेली आणि वळली.

"बाई, ताई कुठं असत्यात आता? त्यांचा नंबर हाय का? त्यांना सांगायचंय, मी बी शिक्षिका व्हनार म्हनून."

नंबर होता. दर दिवाळीला सुनयनाचा संदेश येतो. बाई, पोरं वाचायलेत ना? असं विचारते.

"नाही गं," मी म्हणाले. "संपर्कच राहिला नाही."

वाक्य

तळापासून पाच किलोमीटरवर मागचं चाक बसलं. पंक्चरचं दुकान पुढच्या फाट्याला. आम्ही कालव्याच्या कडेनं चालत निघालो. मी गाडी ढकलत होते, ती मागून दोन्ही हात लावून जोर करत होती.

"बाई, मी रेटती. तुमी नुसतं धरा."

वाटेत एक ओघळ लागला. तिथे गाडी घसरून माझा पाय चिखलात गेला, आणि ती पुढे आली, वाकून ओंजळीनं माझी चप्पल धुतली. त्यातच तिचा फ्रॉक भिजला. माझ्याकडे बिस्किटाचा पुडा होता. तिला दिला, तर तिनं मोजून अर्धी मला परत दिली.

कालव्याच्या वळणावर पाटबंधारे खात्याची पाटी होती. येथे पाणी खोल आहे. कालव्यात उतरू नये. मायाक्का तिच्यापुढे थांबली. ओठ हलले.

"बाई, हितं पानी खोल हाय. उतरू नगा म्हनं."

माझे हात हँडलवर थांबले. पाटीवर 'आहे' होतं, ती 'हाय' म्हणाली. पाठ केलेलं मूल असं करत नाही. ते जसंच्या तसं म्हणतं. हिनं वाचलं होतं, समजून घेतलं होतं आणि आपल्या बोलीत मला सांगितलं होतं, पाय घसरणाऱ्या बाईला सावध करावं म्हणून. सोळा वर्षांत माझ्या पहिलीतल्या एकाही मुलानं असं केलं नव्हतं.

"कुठे शिकलीस हे?"

तिनं कमरेला खोचलेली प्लास्टिकची पिशवी काढली. आत कार्डं. कडा मऊ पडलेली, मेंढरांच्या वासाची, एकावर कोकरानं चावल्याची खूण. अक्षर माझं. एकही वेलांटी वाकडी नाही.

"ताई बाजारला आज्जीजवळ देती. वाचून झालेली घेती, नवी देती. मी कोकरांफुडं वाचती." मग एक कार्ड वर धरून, "ह्ये तुमी काढलंय नव्हं? ताईनं आज्जीकडं सांगितलंय. बाईंवानी अक्षर काढाय शीक म्हनली."

"ताईंना माहीत आहे, तुला एवढं येतं?"

"न्हाई." तिचा सगळा चेहरा उजळला. "आज दावनार हाय."

मी गाडी स्टँडला लावली. गुडघे दुखत होते, तरी खाली बसले, तिच्या उंचीएवढी झाले. तिची मूठ माझ्या मुठीत घेतली. पाटी गिरवताना घेते तशी.

"मायाक्का, आज फक्त शब्दापर्यंत वाच आणि पुढचं येत नाही म्हण, म्हणजे बाईला बरं वाटेल."

कालवा भरून चालला होता, आवाज न करता.

"आन् ताईला?"

"ताई रागवत नाहीत."

"व्हय," तिनं विचार करून म्हटलं. "त्या न्हाई रागवत."

तिनं कार्डं नीट एकावर एक लावली, पिशवीत घातली, पिशवी कमरेला खोचली.

"बरं, बाई."

तोवर वाटेतला एकेक शब्द ती वाचत आली होती. मैलाचा दगड, ट्रॅक्टरच्या मागचं नाव, खताच्या पोत्यावरचं सुद्धा. त्यानंतर फाटा आला, पंक्चरचं दुकान आलं, खिलारमाळची वेस आली. ती काही वाचेना. गाडीवर ती माझ्यापुढे हँडल धरून बसली होती. शाळेच्या फाटकाशी मी गाडी थांबवली. वर माझ्याच हातची पाटी, हातभर लांब अक्षरं. मायाक्का उतरली, पाटीकडे बघणार एवढ्यात तिनं मान खाली घातली आणि फाटकातून आत गेली.